विरजण

पहाटे तीन चाळीसला
दूधसंघातले सगळे पडदे एकदम काळे झाले.
वर पांढरी अक्षरं, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली,
आणि उलटं चालणारं घड्याळ.
बहात्तर तास.

बाहेर उणे एकोणीस. एस्टोनियातला जानेवारी.
वोरूकडून निघालेले तीन टँकर रस्त्यात होते,
आणि गाईंना
कुणी काही कळवलं नव्हतं.

हेल्दूर आला तो पायजम्यावर कोट चढवून.
बंद करू नका, म्हणाला, नुसतं तोडा.
यंत्रांना अजून आठवतंय चोर कुठून शिरला ते.
मग वाफ्यातलं तण उपटावं तशा
आम्ही भिंतीतून निळ्या वायरी उपटल्या.
पडद्याचा फोटो मी काढला. हात थरथरला, धूसर आला.
पोलिसांनी तोच मागितला.

देऊन टाकू, कुणीतरी म्हणालं, मोकळे होऊ.
उर्वे खिडकीशी उभी. संघ तिच्या हाती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग: ज्यानं आपल्या दाराला कुलूप घातलं
त्याच्याच शब्दावर विसंबायचं?
आणि उघडलं, तरी पुढच्या हिवाळ्यात तोच येईल,
आता वाट माहीत असलेला.

(मी तिच्याइतका ठाम नव्हतो. हे लिहून ठेवतो.
माझा पगारही त्या पडद्यामागे होता.)

मेरिके बाथरूममध्ये रडत होती.
बिल समजून ती फाइल तिनंच उघडली होती, मंगळवारी.
उर्वे तिच्यासाठी चहा घेऊन गेली,
किती वाजता, कुणाच्या नावानं आली, सगळं शांतपणे विचारलं.
ओरडलो तर पुढची मेरिके लपवेल,
असं जिन्यात म्हणाली नंतर,
मला नव्हे, स्वतःलाच.

लेइदाला बोलावलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली.
लोकरी टोपी, दोन पेन्सिली,
आणि एकशे बारा गोठ्यांचे क्रमांक तोंडपाठ.
अर्वो? सत्तेचाळीस. उन्हाळ्यात फॅट उतरते त्याची.
कागदावर दूध घेतलं, कागदावर सोडलं.
दुकानांना फोन केले, एकेकाला:
आमच्याकडे चोरी झालीय. तुमचे खातेक्रमांकही गेले असतील.
दूध अर्धं येईल, उशिरा येईल.
खोटं बोलायला वेळच नव्हता, असं मी सांगतो.
मोह झाला होता.

चौथ्या पहाटे घड्याळ शून्यावर आलं.
कुणी पाहिलं नाही. चीजला मीठ चोळायचं होतं.

आता विरजणाचं.
महिन्यातून दोनदा हेल्दूर एक डबी घरी न्यायचा,
कुठल्याच वायरीला न जोडलेली,
सौनामागच्या कपाटात ठेवायचा. आम्ही हसायचो.
तिच्यात आमचं सगळं होतं, अकरा दिवसांपूर्वीपर्यंतचं.
चमचाभर बाजूला काढून ठेवलेलं.

लगेच नाही लावलं.
आधी एका कोऱ्या यंत्रावर, एकट्या खोलीत
त्यानं ते उघडून पाहिलं, जणू वास घेत.
विरजणच नासकं निघालं
तर किती भांडी घासणार?

नासकं नव्हतं.
मग एकेक यंत्र खरवडून कोरं केलं.
आधी टँकर, मग दुधाची तपासणी, मग पगार.
सुट्ट्यांची यादी सगळ्यात शेवटी, त्यावरून भांडणही झालं.
सव्वीस दिवस लागले.

दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही,
दुधाचाच धंदा करतो,
आता ताकही फुंकून पितो.
मेरिके प्रत्येक बिलापाठी पाठवणाऱ्याला फोन करते.
लोक वैतागतात. वैतागू देत.

मधले अकरा दिवस डबीत नव्हतेच.
ते शेतकऱ्यांनी आणून दिले,
स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून काढलेली कॅलेंडरं,
तेलकट बोटांची, खिळ्याचं भोक असलेली.
लेइदा आकडे वाचायची, मी भरायचो.
अर्वोच्या कॅलेंडरवर नऊ तारखेला
आकडाच नाही.
तिथं लिहिलंय, वासरू झालं.
लेइदानं चष्मा वर केला.
भर, म्हणाली, जसंच्या तसं.